साखळी स्वस्त, चालवणे महाग: संस्थेच्या टोकन ॲपचा तीन वर्षांचा हिशेब

मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढायला आलेल्या माणसाला टोकन, देशी धानाचे बियाणे राखून ठेवणाऱ्या बाईला टोकन, आंधळगावच्या मागावर नव्या मुलीला कोसा विणायला शिकवणाऱ्या कारागिरालाही टोकन. पुढे ही टोकने देऊन संस्थेच्या केंद्रातून बियाणे घ्यायचे, रोपे न्यायची, अवजार भाड्याने आणायचे. कल्पना चांगली आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या संस्थेने ती मनावर घेतली, की बैठकीत कोणीतरी ‘ब्लॉकचेनवर करू’ म्हणतो आणि कोटेशने मागवली जातात. ती हातात पडल्यावर डोके फिरते. आकड्यांची तुलनाच करता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीने वेगळीच वस्तू विकायला काढलेली असते.

म्हणून इथे एकच उदाहरण धरून हिशेब मांडला आहे: ५०० सदस्य, महिन्याला २,००० नोंदी, म्हणजे तीन वर्षांत ७२,००० नोंदी. विकासकाच्या एका महिन्याच्या कामाला १ लाख २० हजार रुपये धरले आहेत. हा बाजारभाव नव्हे, गणितासाठी धरलेला दर आहे. तुमच्या कोटेशनातला दर घालून हेच गणित पुन्हा करा. आकडे बदलतील, पण कुठे पैसा जास्त लागतो आणि कुठे कमी, ते फारसे बदलणार नाही.

आधी विचारा: नोंद कोणाला पटवायची आहे?

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली हिशेबाची वही. एकदा लिहिलेली ओळ गुपचूप खोडता येत नाही, एवढाच तिचा गुण. हा गुण कुठे कामाला येतो, ते विदर्भातच पाहायला मिळते. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली इथे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर करण्याचा प्रकल्प जाहीर झाला. लेजिटडॉक नावाची प्रणाली त्यासाठी वापरली. जात प्रमाणपत्र वीस वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी कारकुनाला पटवावे लागते. तिथे न खोडता येणाऱ्या नोंदीला मोल आहे.

दुसरे उदाहरण जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ या ब्लॉकचेनवरच्या मदतवाटपाचे. २०१७ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये छोटी चाचणी झाली आणि त्याच वर्षी जॉर्डनमधल्या निर्वासित छावणीत ते सुरू झाले. तिथल्या बाईला ना टोकन दिसते, ना ॲप. दुकानात डोळ्याची बुबुळे स्कॅन होतात आणि तिच्या खात्यातून किराण्याचे पैसे वळते होतात. फायदा संस्थांना झाला: बँकेचे शुल्क वाचले आणि अनेक मदतसंस्थांना एकच हिशेब पाहता येऊ लागला.

तिसरे उदाहरण केनियाचे, आणि आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे. मोम्बासाच्या वस्तीत २०१३ मध्ये ‘बांगला-पेसा’ या कागदी कुपनांनी सुरुवात झाली. तीच चळवळ पुढे ‘सराफू’ या नावाने ब्लॉकचेनवर गेली आणि साध्या बटणाच्या फोनवरूनही चालू लागली. क्रम लक्षात घ्या: आधी कागद, आधी माणसांची सवय, साखळी नंतर.

या तिन्हींवरून कसोटी अशी निघते. नोंद एकच कार्यालय लिहिणार असेल, तेच कार्यालय वाचणार असेल आणि सदस्यांचा त्या कार्यालयावर विश्वास असेल, तर ब्लॉकचेनची गरज नाही. चार-पाच मच्छीमार सहकारी संस्था, बचत गटांचा महासंघ आणि दोन-तीन ग्रामपंचायती मिळून एकच हिशेब ठेवणार असतील आणि ‘वही कोणाकडे राहणार’ यावरून कुरबूर असेल, तर विचार करायला हरकत नाही.

तीन वाटा, तीन खर्च

*पहिली वाट: छापील कार्ड आणि शीट.* प्रत्येक सदस्याला क्यूआर असलेले प्लास्टिकचे कार्ड द्यायचे. समन्वयकाने फोनवर ते स्कॅन करून सामायिक शीटमध्ये नोंद करायची आणि महिन्याच्या शेवटी यादी फलकावर लावायची.
– सुरुवात: कार्डे, छपाई, मांडणी मिळून ३५,००० रुपये
– दरवर्षी: अर्धवेळ समन्वयक १,८०,०००, छपाई ६,०००, हिशेब तपासणी १५,०००; एकूण २,०१,०००
– तीन वर्षांत: ६,३८,००० रुपये. एका नोंदीमागे साधारण ९ रुपये

*दुसरी वाट: साधे ॲप, साखळीवर फक्त शिक्का.* टोकनांची नोंद नेहमीच्या डेटाबेसमध्ये राहते. रोज रात्री त्या दिवसाच्या हिशेबाचा गणिती ठसा तेवढा सार्वजनिक साखळीवर टाकला जातो. मागाहून कोणी जुना आकडा बदलला तर ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.
– सुरुवात: पाच महिन्यांचे काम ६,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७,०८,०००
– दरवर्षी: सर्व्हर २४,०००, एसएमएस ९,६००, साखळीचे शुल्क १,०००, डोमेन १,५००, देखभाल ९०,०००, समन्वयक १,८०,०००, सीए २५,०००, गावोगावचे प्रशिक्षण ३०,०००, एकूण ३,६१,१००
– तीन वर्षांत: १७,९१,३०० रुपये. नोंदीमागे साधारण २५ रुपये

*तिसरी वाट: पूर्ण टोकन ॲप.* प्रत्येक सदस्याचे साखळीवर पाकीट, म्हणजे टोकनांचे डिजिटल खाते, असते आणि प्रत्येक देवाणघेवाण साखळीवरच होते.
– सुरुवात: दहा महिन्यांचे काम १२,००,०००, बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासणी ३,००,०००, जीएसटी २,७०,०००, एकूण १७,७०,०००
– दरवर्षी: ५,०३,१०० (तपशील खाली)
– तीन वर्षांत: ३२,७९,३०० रुपये. नोंदीमागे साधारण ४६ रुपये

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. टोकनाची किंमत वीस-तीस रुपयांच्या बियाण्याइतकी आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जायला ४६ रुपये, असा हा व्यवहार आहे. सदस्य ५,००० झाले तर नोंदीमागचा खर्च झपाट्याने उतरेल. पण पाचशेचे पाच हजार होणे ॲपच्या हातात नसते.

जीएसटीबद्दल एक सूचना. व्यापाऱ्याला भरलेला कर वजा करून मिळतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला तो मिळत नाही. म्हणून कोटेशनाखालचा ‘कर वेगळा’ हा शेरा तुमच्यासाठी सरळ १८ टक्के वाढ आहे.

तिसऱ्या वाटेवर पैसा नेमका कुठे जातो?

दहा महिन्यांच्या कामाची फोड साधारण अशी: गरजा समजून घेणे अर्धा महिना, टोकनाचा करार म्हणजे साखळीवरचा प्रोग्राम एक महिना, पाकीट आणि सर्व्हर तीन महिने, मराठी अँड्रॉइड ॲप अडीच महिने, कार्यालयाचा डॅशबोर्ड एक महिना, गावात बसून चाचणी दोन महिने. ‘ब्लॉकचेन’ म्हणून जे विकले जाते, ते या दहांतल्या एकाच महिन्याचे काम आहे. टोकनासाठी ईआरसी-२० हे प्रमाण ठरलेले आहे आणि ओपनझेपेलिनची तपासलेली, मोफत प्रोग्रामसंचिका कोणालाही वापरता येते. तेव्हा ‘तुमच्या संस्थेची स्वतंत्र कॉइन आम्ही शून्यापासून बनवू’ असे कोणी सांगत असेल तर तो फुकटच्या वस्तूची किंमत लावतो आहे. ‘स्वतःची साखळीच उभारू’ म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवा.

दरवर्षीच्या ५,०३,१०० रुपयांची फोड:
– देखभाल (विकासखर्चाच्या १५ टक्के): १,८०,०००
– अर्धवेळ समन्वयक: १,८०,०००
– सीए आणि वकील: ६०,०००
– सर्व्हर: ३६,०००
– प्रशिक्षण: ३०,०००
– एसएमएस: ९,६००
– साखळीचे व्यवहारशुल्क: ६,०००
– डोमेन: १,५००

पॉलिगॉनसारख्या साखळीवर एका साध्या व्यवहाराला एरवी काही पैसे पडतात. गर्दीच्या दिवशी ते बरेच चढतात, म्हणून महिन्याला ५०० रुपये हातचे धरले आहेत. तरीही वर्षाच्या शंभर रुपयांतला जेमतेम सव्वा रुपया साखळीवर जातो. प्रत्येक व्यवहाराला दोन एसएमएस आणि एसएमएसला वीस पैसे धरले तरी निरोपाचा खर्च साखळीपेक्षा जास्त होतो. गंमत अशी की हे एसएमएस पाठवण्यासाठी संस्थेला दूरसंचार कंपनीच्या ज्या प्रणालीत नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो, ती प्रणालीसुद्धा ब्लॉकचेनच्याच जातीची आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी ती आणली. तिची नोंदणी वेळेत केली नाही तर ओटीपी जातच नाही आणि उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर सगळे फोन मुके राहतात.

प्ले स्टोअरचे खाते २५ डॉलरमध्ये एकदाच मिळते. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. तालुक्यात आयफोन किती जणांकडे आहे ते पाहा आणि ॲपलचा विचार पुढे ढकला. प्ले स्टोअरवर संस्थेच्या नावाने खाते काढायला डन्स क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो, पण वेळ खातो. घाई म्हणून विकासकाच्या खात्यावर ॲप चढवू नका. पुढे त्याच्याशी बिनसले तर ॲप त्याच्या नावावर राहते.

कायद्याचा खर्च: इथे काटकसर नको

*रिझर्व्ह बँक.* सगळ्यात महाग चूक इथे होते. टोकन फक्त संस्थेच्या स्वतःच्या केंद्रात, संस्थेच्याच वस्तू-सेवांसाठी चालत असेल आणि त्याचे रोख पैसे मिळत नसतील, तर २०२१ च्या प्रीपेड साधनांच्या दिशानिर्देशांनुसार त्याला बंदिस्त साधन म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पैसे भरून घेतलेले तेच टोकन मोहाडीच्या वीस किराणा दुकानांत चालवायचे ठरले, की विषय परवान्याचा होतो. तो परवाना मागणाऱ्या बिगरबँक कंपनीकडे अर्जाच्या वेळी किमान ५ कोटी आणि पुढे १५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य लागते. म्हणजे विषय संपला. दुकानांत चालणारीच मदत द्यायची असेल तर २ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ई-रुपी व्हाउचरबद्दल बँकेत विचारा. ते ठरावीक कामासाठीच वापरता येते, एसएमएस किंवा क्यूआरवर येते आणि घेणाऱ्याला स्मार्टफोन लागत नाही.

*प्राप्तिकर.* २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आला. मात्र ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने काही गोष्टी त्यातून वगळल्या. थेट पैसे न घेता, बक्षीस किंवा प्रोत्साहन म्हणून दिलेले आणि फक्त वस्तू, सेवा किंवा सवलतीसाठीच वापरता येणारे गुण त्यांत आहेत. तुमचे टोकन या चौकटीत बसवा. ते विकता येणार नाही, एक्स्चेंजवर जाणार नाही, त्याचा भाव चढणार नाही, हे करारातच बांधून घ्या. आणि सीएकडून लेखी अभिप्राय घ्या. तोंडी ‘काही होत नाही’ चालत नाही.

*संस्थेचा पैसा.* साखळीचे शुल्क त्या साखळीच्या नाण्यातच भरावे लागते. ते नाणे संस्थेने स्वतः विकत घेऊन ठेवू नये. धर्मादाय संस्थांना पैसा कशात गुंतवता येतो याची यादी प्राप्तिकर कायद्यात आहे आणि आभासी नाणी त्या यादीत नाहीत. विकासकाने शुल्क भरावे आणि तुम्हाला रुपयांत बिल द्यावे, हा सोपा मार्ग. परदेशातून कोणी क्रिप्टोमध्ये देणगी देऊ म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतले खाते याखेरीज दुसरे दार नाही.

*सदस्यांची माहिती.* डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सदस्याने ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटले तर ती काढता आली पाहिजे. साखळीवरून काहीच निघत नाही. म्हणून नाव, फोन, आधार, जात, छायाचित्र यांतले काहीही साखळीवर जाता कामा नये. तिथे फक्त सांकेतिक क्रमांक जाऊ द्या.

कोटेशन वाचताना या सात ओळी शोधा

१. प्रोग्रामची पूर्ण मालकी संस्थेची, हे लिहिले आहे का? डोमेन, सर्व्हर, प्ले स्टोअर ही खाती कोणाच्या नावावर?

२. टोकन वाढवण्या-गोठवण्याच्या किल्ल्या कोणाकडे? एका माणसाकडे नकोत. पाच विश्वस्तांपैकी तिघांच्या संमतीने चालणारी रचना मागा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. तिथे तर अनेक संमतींचेच पाकीट होते. म्हणून किल्ल्यांबरोबर संमती देण्याची शिस्तही ठरवा.

३. फोन हरवला तर सदस्याचे टोकन परत कसे मिळणार? ‘बारा शब्द जपून ठेवा’ हे उत्तर मोहाडीच्या बाजारात चालत नाही. कार्यालयात ओळख पटवून नवे पाकीट मिळाले पाहिजे.

४. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचे काय? कार्ड स्कॅन करण्याची सोय पहिल्या टप्प्यातच असावी.

५. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे का? शेवटचे ३० टक्के गावातल्या दोन महिन्यांच्या चाचणीनंतरच द्या.

६. सुरक्षा तपासणी कोण करणार? ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच तपासला तर ती तपासणी नव्हे.

७. प्रकल्प बंद करायचा झाला तर? सगळा हिशेब साध्या शीटमध्ये बाहेर काढून देण्याची हमी कलमात हवी.

निधी आणि वेळ

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे जायचे तर संस्थेकडे १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ क्रमांक हवा. तालुक्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, शेजारच्या तुमसरमध्ये मॉयलच्या मँगनीज खाणी आहेत. अर्ज कोणाकडेही करा, पण ‘ॲपसाठी १८ लाख’ असा करू नका. देणगीदाराला उद्‌घाटनाचा फोटो आवडतो. दुसऱ्या वर्षीचा समन्वयकाचा पगार कोणाला दिसत नाही. प्रस्तावात तीन वर्षांचा पूर्ण आकडा ठेवा आणि निम्मा हिस्सा चालवण्याच्या खर्चासाठी मागा. वरच्या तिसऱ्या वाटेचा हिशेब पाहिला तर चालवण्याचा खर्च ४६ टक्के आहे, तेव्हा ही मागणी काही वाढवून केलेली नाही.

सुरुवात कधी करायची? रोवणीच्या दिवसांत नाही, धान कापणी-मळणीतही नाही. त्या आठवड्यांत प्रशिक्षणाला कोणी येणार नाही आणि आलेला अर्ध्यातून उठेल. उन्हाळ्यात तलाव आटतो, गाळकाम निघते, माणसे गावात असतात. टोकन द्यायचे कामही तेव्हाच असते, म्हणून पहिली नोंद तेव्हा करा.

नेहमीचे तीन प्रश्न

*‘टोकनाचा भाव वाढला तर सदस्यांचा फायदा नाही का?’* नाही. भाव वाढायचा तर कोणीतरी ते विकत घेतले पाहिजे, आणि विकत घेण्यायोग्य झाले की वरच्या सगळ्या सवलती जातात. शिवाय नाण्याचा भाव चढेल असे सांगून पैसे गोळा करणाऱ्यांनी महाराष्ट्रातली कितीतरी घरे धुवून नेली आहेत. संस्थेच्या नावाशेजारी तो शब्दही नको.

*‘सरकारची साखळी वापरता येईल का?’* केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ हा राष्ट्रीय ब्लॉकचेन संच आणला. भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या माहितीकेंद्रांवर तो चालतो. त्याचा रोख मुख्यतः शासकीय सेवांकडे आहे. ग्रामपंचायत किंवा नगर पंचायत भागीदार असेल तर त्यांच्यामार्फत विचारणा करावी.

*‘गावातला इंजिनिअरिंगचा मुलगा स्वस्तात करून देतो म्हणतो.’* पहिल्या वाटेची शीट त्याच्याकडून जरूर करून घ्या, दुसऱ्या वाटेचा नमुनाही. लोकांचे हक्क ज्यात अडकतात ते पाकीट मात्र नको. त्याला नोकरी लागली आणि तो हिंजवडीला गेला, की रात्री बंद पडलेला सर्व्हर उठवायला कोणी उरत नाही.

मग करायचे काय?

पहिला हंगाम कार्डांवर काढा. खर्च ३५,००० रुपये आणि समन्वयकाचा पगार. हंगामाच्या शेवटी तीन आकडे काढा: किती टोकने वाटली, त्यांतली किती परत वापरली गेली, आणि हिशेबावरून किती तक्रारी आल्या. वाटलेली निम्मी टोकनेही वापरली गेली नसतील तर दोष तंत्राचा नाही. केंद्रात लोकांना हवी ती वस्तू नाही, तेव्हा पैसा तिथे घाला. टोकने फिरत आहेत आणि नोंद हाताने करणे झेपत नाही, असे दिसले तर दुसऱ्या वाटेवर या. तिसरी वाट तेव्हाच, जेव्हा तुमच्याइतकीच मोठी दुसरी संस्था सोबत येईल, दोघांनाही एकमेकांच्या वहीवर अवलंबून राहायचे नसेल आणि ३२ लाखांतला निम्मा वाटा उचलायला ती लेखी तयार असेल. तशी संस्था आजच्या घडीला समोर नसेल, तर पुढच्या बैठकीत ब्लॉकचेनचा विषय बाजूला ठेवा आणि समन्वयक कोणाला नेमायचे ते ठरवा.